डाउनहिल स्केटबोर्ड आणि स्ट्रीट ल्यूज : पहिल्या शर्यतीपर्यंतची तयारी

डांबरी घाटरस्त्यावरून स्केटबोर्डवर उभे राहून, किंवा ल्यूज नावाच्या चाकांच्या बुटक्या चौकटीवर पाठीवर झोपून, खाली येण्याच्या शर्यतीला इंजिन लागत नाही. वेग उतार देतो, आणि तो मागितला नाही तरी देतो. म्हणून या खेळाचे शिक्षण थांबण्यापासून सुरू होते आणि हा लेखही त्याच अंगाने लिहिला आहे. ज्यांना थेट शर्यतीच्या भागाकडे वळायचे आहे, त्यांनी निदान थांबण्याचा भाग वाचल्याशिवाय बोर्डवर पाय ठेवू नये, एवढी विनंती आहे.

या दोन खेळांचा जन्म एकाच काळातला आणि एकाच परिसरातला आहे. चिकणमातीच्या किंवा धातूच्या चाकांवर चालणारे जुने स्केटबोर्ड खडबडीत रस्त्यावर एखाद्या खड्याला अडले तरी स्वाराला पुढे फेकत असत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाके बाजारात आणली आणि चाकाला रस्ता धरून ठेवता येऊ लागला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या सिग्नल हिल येथे उतारावरची वेगाची स्पर्धा झाली. तेथे कोणी उभ्याने, कोणी झोपून, तर कोणी बंदिस्त कवचात बसून खाली आले, आणि अपघातांमुळे १९७८ नंतर ती स्पर्धा बंद पडली. झोपून येणाऱ्यांच्या प्रकाराला पुढे स्ट्रीट ल्यूज हे नाव मिळाले. १९९५ च्या पहिल्या एक्स्ट्रीम गेम्समुळे तो दूरचित्रवाणीवर पोहोचला. १९९६ मध्ये इंटरनॅशनल ग्रॅव्हिटी स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि नंतरच्या काळात इंटरनॅशनल डाउनहिल फेडरेशनने जागतिक मालिकेचा कारभार हाती घेतला. आज चेक प्रजासत्ताकातील कोझाकोव्ह, ब्राझीलमधील तेउतोनिया, फिलिपिन्समधील बेटांवरचे रस्ते ही या खेळाची ओळखीची नावे आहेत.

उतार वाचणे

आठ टक्क्यांचा उतार म्हणजे शंभर मीटर रस्त्यामागे सुमारे आठ मीटर खाली उतरणे. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. साधनांसह पंचाऐंशी किलो वजनाचा स्वार अशा सरळ उतारावर ताठ उभा राहिला, तर हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण यांचा हिशेब साधारणपणे ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास जुळतो आणि वेग तेथे स्थिरावतो. तोच स्वार अंग आवळून बसला की वेग पंचाहत्तरीकडे जातो, आणि ल्यूजवर आडवा झाला की शंभरी ओलांडू शकतो. हे ढोबळ गणित आहे. वारा, डांबराचा पोत आणि चाकांची प्रत यांनुसार ते बदलते, पण त्यातून एक गोष्ट नक्की कळते : वेग ठरवण्यात उताराइतकाच वाटा शरीराच्या आकाराचा आहे, आणि म्हणूनच अंग उघडणे हाही एक ब्रेक आहे.

दुसरा हिशेब थांबण्याचा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि उतारावर ते सपाट रस्त्याहून जास्त लागते, कारण घर्षण जे काढून घेते त्यातले काही गुरुत्वाकर्षण परत देत राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर मागे पडतात. म्हणजे समोर गाय दिसली, मनाने दखल घेतली आणि पाय हलला, एवढ्यातच एसटीच्या बसची दीड लांबी संपलेली असते.

म्हणून कोणत्याही नव्या रस्त्यावरून आधी चालत वर जावे. चालत जाताना डांबरातील भेगा, दुरुस्तीचे ठिगळ, वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली बारीक खडी, झाडांच्या सावलीतील ओल, तेलाचे डाग, रस्त्यावर ठोकलेले परावर्तक आणि गतिरोधकाचे पट्टे यांची मनात नोंद करावी. गाडीतून पाहिलेला रस्ता आणि चार इंच उंचीवरून अनुभवलेला रस्ता यांत फार अंतर असते. विशेषतः शेवट पाहावा : उतार जेथे संपतो, तेथे सपाट किंवा चढाचा पुरेसा लांब तुकडा आहे का, आणि तो थेट चौकात तर उघडत नाही ना? ज्या रस्त्याला शेवट नाही, तो कितीही देखणा असला तरी नवख्याच्या कामाचा नाही.

साधने : कोठे खर्च करावा

पैसे मर्यादित असतील, आणि ते असतातच, तर पहिला खर्च हेल्मेटवर करावा. शर्यतीत हनुवटी झाकणारे, पूर्ण चेहऱ्याचे, प्रमाणित हेल्मेट अनिवार्य असते. डोक्यावर अर्धवट बसणारे सायकलचे हेल्मेट सरावाच्या पहिल्या आठवड्यातही पुरेसे नाही, कारण उतारावर पुढे पडणारा माणूस बहुतेकदा हनुवटीवर किंवा गालावर आपटतो. हेल्मेटच्या आतला फोमचा थर एकाच मोठ्या आघातासाठी बनवलेला असतो. जोरदार आपटल्यावर बाहेरून तडा दिसला नाही, तरी ते बदलावे. जुने हेल्मेट कपाटात आठवण म्हणून ठेवायला हरकत नाही, पण धाकट्या भावाला देऊ नये.

त्यानंतर हातमोजे. यांच्या तळव्याला कठीण प्लास्टिकची किंवा तत्सम पदार्थाची गोल चकती लावलेली असते, तिला पक म्हणतात. घसरत वेग कमी करताना हात रस्त्यावर टेकतो तो या चकतीवर. गुडघ्यांचे पॅड टणक टोपणाचे घ्यावेत, आणि वेग ताशी चाळीसच्या पुढे जाऊ लागला की मोटारसायकल शर्यतीत वापरतात तसा एकसंध चामड्याचा सूट घ्यावा. जीन्स डांबरावर क्षणभरात फाटते आणि त्याखालची कातडी त्याहून लवकर. शर्यतीच्या वेळी सूट सक्तीचा असतो, म्हणून सराव त्याच्यासकट करावा. एप्रिलच्या उन्हात तो अंगावर चढवणे सुखाचे नसते, तरीही करावा.

बोर्डाच्या बाबतीत नवखे लोक चाकांच्या रंगात अडकतात आणि ट्रककडे दुर्लक्ष करतात. ट्रक म्हणजे फळीखालचा तो धातूचा भाग, ज्याच्यामुळे फळी झुकवली की चाके वळतात. फळी स्वतः कडक असावी. वजनाखाली लवचिकपणे वाकणारी फळी शहरात फिरायला छान, पण वेगात ती झोका घेऊ लागते. पूर्वी रुंद ट्रक आणि पुढे-मागे सारखाच कोन अशी रीत होती. आता शर्यतीत अरुंद ट्रक वापरतात आणि पुढचा ट्रक पन्नास अंशांच्या आसपास, तर मागचा वीस ते तीस अंशांच्या दरम्यान ठेवतात, म्हणजे वळवण्याचे काम पुढची चाके करतात आणि मागची फक्त मागोमाग येतात. ट्रकमधील रबरासारख्या गोट्या, म्हणजे बुशिंग, स्वाराच्या वजनाप्रमाणे निवडाव्या लागतात. हलक्या स्वाराला कडक बुशिंग दिले तर बोर्ड वळतच नाही, आणि जड स्वाराला मऊ दिले तर सरळ रस्त्यावरही तो डगमगतो. बोल्ट घट्ट आवळून मऊ बुशिंगचे काम भागवण्याचा मोह होतो. त्याऐवजी योग्य कडकपणाचे बुशिंग विकत घ्यावे, ते स्वस्त असते.

चाके सुमारे ७० मिलिमीटर व्यासाची आणि ८० ए च्या आसपास कडकपणाची घेतली, तर सरावाची बहुतेक गरज भागते. चौकोनी कडेची चाके रस्ता घट्ट धरतात, गोल कडेची लवकर आणि मवाळपणे घसरतात. शिकणाऱ्याने गोल कडेची घ्यावीत. बेअरिंगच्या डब्यावर छापलेल्या आकड्यांवर फार विचार करू नये. ते स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे.

थांबणे

पहिली पद्धत पायाची. पुढच्या पायावर जवळजवळ सगळे वजन घ्यावे, गुडघा वाकवावा, कंबरेपासून किंचित पुढे झुकावे आणि मागचा पाय फळीवरून उचलून रस्त्याला समांतर खाली आणावा. पाऊल सपाट टेकवावे आणि आधी नुसते घासत न्यावे, मग हळूहळू दाब वाढवावा. टाच आधी आपटली तर पाय मागे ओढला जातो आणि बोर्ड पुढे निघून जातो. ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतो. ती वेगाने चालण्याच्या गतीत झाली तर हसण्यावारी नेता येते, म्हणून सुरुवात त्याच गतीत करावी. पुढच्या एका पायावर सरळ रेषेत दहा सेकंद तोल सांभाळता येईपर्यंत दुसरा पाय रस्त्याला लावण्याची घाई नको. जाड सपाट तळव्याचे बूट वापरावेत, कारण पातळ तळवा एका सुट्टीत संपतो.

पायाने थांबण्याला मर्यादा आहे. ताशी चाळीसच्या पुढे पाय थरथरतो, बूट तापतो आणि तोल एका पायावर असल्यामुळे रस्त्यातील लहानसा उंचवटाही महागात पडतो. तेथे दुसरी पद्धत लागते : बोर्ड आडवा करून चाके घसरवणे. हात टेकवून घसरण्याची जी मूळ रीत आहे ती कॅलिफोर्नियातील क्लिफ कोलमन यांच्या नावाने ओळखली जाते, आणि पन्नास वर्षे होत आली तरी नवख्याला शिकवण्यासाठी तिच्याहून चांगले काही निघालेले नाही.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तिची कृती अशी. वेग पळण्याच्या गतीहून थोडा जास्त असावा, कारण फार हळू असताना चाके घसरत नाहीत, अडतात, आणि स्वार बोर्डावरून उडतो. खाली बसावे, मागचा गुडघा आत आणि पुढच्या पावलाकडे झुकवावा. आधी बोटांच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, हलके वळण घ्यावे आणि लगेच टाचांच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, ठामपणे वळावे. वळणाच्या भरात पुढचा, म्हणजे डावा हात पाठीमागच्या बाजूला रस्त्यावर चकतीवर टेकवावा आणि उजवा हात व खांदे वळवून डोके जेथे थांबायचे आहे तेथे न्यावे. खांदे वळले की कंबर वळते, कंबर वळली की बोर्ड वळतो. हा क्रम उलटला आणि पायांनीच बोर्ड ढकलायचा प्रयत्न केला तर बोर्ड अर्ध्यावर चावतो. वजन हातावर टाकू नये. हात फक्त आधाराला आहे, वजन चाकांवर राहिले पाहिजे, नाहीतर घसरायला चाकांवर भारच उरत नाही आणि वेग कमी होत नाही.

सुरुवातीला बोर्ड पूर्ण उलटा फिरून अर्धवर्तुळात थांबतो, ते चालते. पुढचा टप्पा म्हणजे बोर्ड आडवा करून, हवा तेवढा वेग खाऊन, पुन्हा मूळ दिशेला आणणे. शर्यतीत हेच लागते. ही घसरण टाचांच्या बाजूला पक्की झाली की बोटांच्या बाजूला शिकावी. लोक येथे कंटाळा करतात, कारण बोटांची बाजू अवघड आणि अवघडलेली वाटते. पण रस्ता दोन्हीकडे वळतो, आणि ज्याला एकाच बाजूला थांबता येते त्याला अर्ध्या घाटातच थांबता येते.

तिसरा ब्रेक आधी सांगितलेला : उभे राहून हात पसरणे. त्याने थांबता येत नाही, पण सत्तरवरून पंचावन्नवर येता येते, आणि तेथून बाकीच्या दोन पद्धती आवाक्यात येतात.

माझ्या मते या तिन्ही गोष्टी शंभर वेळा करून झाल्याशिवाय, आणि त्यातल्या शेवटच्या वीस वेळा रस्त्यावर खडूने आखलेल्या रेषेच्या आत थांबून दाखवल्याशिवाय, कोणीही पुढच्या उतारावर जाऊ नये. शंभर हा आकडा माझा आहे, कोणत्या नियमपुस्तकातला नाही.

वेगात स्थिर राहणे

अंग आवळून बसण्याच्या मुद्रेला टक म्हणतात. पुढचे पाऊल जवळपास सरळ, मागचा गुडघा पुढच्या पोटरीमागे टेकलेला, छाती पुढच्या मांडीवर, पाठ सपाट आणि हात पाठीमागे. ही मुद्रा दिसायला सोपी आणि दोन मिनिटे धरायला कष्टाची आहे. मांड्या पेटतात. घरी आरशासमोर बसून रोज काही मिनिटे धरली तर रस्त्यावर लक्ष पायांऐवजी रस्त्याकडे राहते. वजन साठ टक्क्यांहून जास्त पुढच्या पायावर असावे.

वजन पुढे ठेवण्याचे कारण वारा एवढेच नाही. वेग वाढला की बोर्ड अचानक डावी-उजवीकडे वेगाने डोलू लागतो, त्याला सगळीकडे वॉबल म्हणतात, आणि उतारावरचे बरेचसे अपघात यातूनच होतात. मागच्या ट्रकवर वजन पडले की मागची चाके दिशा ठरवू लागतात आणि ती पुढच्या चाकांच्या विरुद्ध झुलतात. स्वार घाबरून घोटे ताठ करतो, प्रत्येक झोक्याला उशिरा उत्तर देतो, आणि ते उशिराचे उत्तरच पुढचा झोका मोठा करते. उपाय करायला धीर लागतो : वजन आणखी पुढे न्यावे, गुडघे आणि घोटे सैल सोडावेत, अंग हळूहळू उघडून हवेला अडवावे. एकदम ताठ उभे राहणे किंवा डोलता डोलता पाय रस्त्याला लावणे या दोन्ही चुका आहेत. हलकेसे वळण घेता आले तर घ्यावे, कारण एका बाजूला झुकलेला बोर्ड डोलत नाही. आणि घरी आल्यावर बुशिंग तपासावेत, कारण भीतीवर मात करायला सांगणे सोपे असले तरी अनेकदा दोष एका छोट्याशा गोटीचा असतो.

विक्रमांचे आकडे येथेच सांगून टाकतो. क्युबेकमधील ले झेबूलमाँ येथील एका उतारावर मिशो एरबान यांनी २०१२ मध्ये उभ्याने ताशी १२९.९४ किलोमीटर आणि पीट कॉनोली यांनी २०१७ मध्ये त्याच ठिकाणी ताशी १४६.७३ किलोमीटर वेग नोंदवला. तो रस्ता सरळ आहे. वळणांच्या शर्यतीत हे आकडे कोणाच्या उपयोगाचे नाहीत.

वळण : मेरीहिलचा रस्ता

वळण शिकण्यासाठी जगातील एक उत्तम रस्ता अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठच्या उघड्या टेकड्यांवर आहे. सॅम्युएल हिल या रस्तेवेड्या गृहस्थाने १९०९ ते १९१३ या काळात स्वखर्चाने प्रायोगिक रस्ते बांधले, सॅम्युएल लँकॅस्टर या अभियंत्याच्या मदतीने. त्यांतला मेरीहिल लूप्स हा तुकडा आज मोटारींना बंद आहे, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना खुला आहे, आणि ठरवून दिलेल्या दिवशी तेथे उतारावरच्या स्वारांचे मेळावे भरतात. त्या काळच्या दुबळ्या मोटारींना चढता यावे म्हणून चढ पाच टक्क्यांच्या आसपास ठेवला होता, त्यामुळे रस्त्याला ओळीने हेअरपिन वळणे घ्यावी लागली. टकमध्ये ताशी साठीच्या आसपास वेग मिळतो, आणि मग लगेच माघारी वळणारा रस्ता समोर येतो. मोटारींच्या सोयीसाठी केलेली ही आखणी शंभर वर्षांनी इंजिन नसलेल्यांच्या कामी आली, ही गंमत हिल साहेबांना आवडली असती असे वाटते.

अशा वळणात कामाची वाटणी स्पष्ट असते. वेग वळणाच्या आधी, सरळ तुकड्यावर कमी करायचा. वळणात फक्त वळायचे. डावे वळण असेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने यावे, आत शिरताना घाई करू नये, वळणाचा मध्य ओलांडल्यावर आतल्या कडेला स्पर्श करावा आणि पुन्हा उजव्या कडेकडे मोकळे व्हावे. आतली कड लवकर गाठण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. लवकर गाठली की वळण संपताना बाहेरची कड अंगावर येते, आणि तेथेच आयोजकांनी पेंढ्याच्या गासड्या रचलेल्या असतात. नजर गासड्यांकडे गेली की बोर्डही तिकडे जातो, म्हणून डोके आणि डोळे वळणाच्या तोंडाकडे, जेथून बाहेर पडायचे आहे तेथे, आधीच वळलेले असावेत.

अनुभवी स्वार वळणाच्या तोंडाशी एक छोटी घसरण घेतात, तिला प्री-ड्रिफ्ट म्हणतात. हात टेकवून बोर्ड क्षणभर आडवा करायचा, नेमका हवा तेवढाच वेग सोडायचा आणि तोच झुकाव पुढे वळणात वापरायचा. कमी सोडला तर वळण चुकते, जास्त सोडला तर मागचा स्वार शेजारून निघून जातो. शर्यतीचा निकाल बहुधा याच अर्ध्या सेकंदात लागतो. सरळ रस्त्यावरची टक सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

ल्यूजवर आडवे झाल्यावर

ल्यूज म्हणजे स्वाराच्या लांबीएवढी, जमिनीपासून काही इंचांवर तरंगणारी चौकट. स्वार पाठीवर, पाय पुढे करून झोपतो, दोन्ही बाजूंच्या मुठी धरतो आणि मान किंचित उचलून पावलांच्या मधून रस्ता पाहतो. लाकडी फळीवर दोन ट्रक आणि चार चाके लावलेला साधा प्रकार वेगळ्या वर्गात धरतात. सुरुवात त्यानेच करावी, कारण त्यात वेग आटोक्यात राहतो आणि दोष कळतो. पुढे आणि मागे आघात शोषणारे मऊ आवरण हवे.

वळवणे शरीराने होते : खांदा आणि नितंब वळणाच्या बाजूला दाबायचे, मुठींच्या आधाराने वजन सरकवायचे. हातांनी ओढाताण केली तर ल्यूज वळण्याऐवजी डोलते. येथेही वॉबल होतो, फक्त तो पाठीला कळतो.

थांबायला ब्रेकचे यंत्र नसते, बूट असतात. तळव्याला मोटारीच्या टायरचे रबर चिकटवलेले बूट वापरायची रीत आहे. गुडघे वाकवून दोन्ही पावले चौकटीच्या बाहेर एकदम, सपाट टेकवायची आणि दाब समान ठेवायचा. एक पाय आधी टेकला तर ल्यूज त्या बाजूला फिरते. वेग जास्त असेल तर उठून बसल्याने हवाही मदतीला येते, पण बसताना गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून ते सरळ तुकड्यावरच करावे. टायरचे रबर किती झिजले हे प्रत्येक फेरीनंतर बोटाने चाचपावे. खिळा किंवा टाके वर आलेले दिसले, तर त्या दिवशीचा सराव तेथेच संपवावा.

ल्यूजचा सर्वांत मोठा धोका स्वाराच्या हातात नसतो : ती इतरांना दिसत नाही. ट्रकच्या चालकाला बॉनेटपुढे ती येते तेव्हा कळतही नाही. म्हणून बंद न केलेल्या रस्त्यावर ल्यूज चालवू नये, या नियमाला मी अपवाद मानत नाही.

सराव कोठे करावा

सह्याद्रीत घाटांची वाण नाही आणि त्यामुळे वाईचा पसरणी घाट किंवा ताम्हिणी पाहून मन चळते. हे रस्ते रहदारीचे आहेत. वळणापलीकडून एसटी येते, माकडे येतात, आणि पावसाळ्यानंतर दरडीची माती कडेला पसरलेली असते. शिवाय जून ते सप्टेंबर शेवाळ आणि ओल यांमुळे चाकांना काही धरताच येत नाही. सुरुवातीचा सराव खासगी वसाहतीतील किंवा बंद कारखान्याच्या आवारातील उतारावर, मालकाच्या परवानगीने आणि दोन्ही टोकांना माणसे उभी करून करावा. वरच्या माणसाने स्वार सोडायचा, खालच्याने रस्ता मोकळा असल्याची खूण करायची, आणि खूण मिळाल्याशिवाय कोणी निघायचे नाही. घाट वापरायचाच असेल तर रस्ता ज्या खात्याचा आहे त्याची आणि पोलिसांची लेखी परवानगी घेऊन, तो बंद करवून, रुग्णवाहिका खाली उभी ठेवून वापरावा. हे खर्चाचे आहे, म्हणून हा खर्च गट करून करतात. भारतात रोलर खेळांचा कारभार वर्ल्ड स्केट या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न असलेला भारतीय रोलर स्केटिंग महासंघ पाहतो. स्पर्धेच्या वाटेने जायचे असेल तर जिल्हा संघटनेपासून चौकशी सुरू करावी.

शर्यतीचा दिवस

आदल्या दिवशी साधनांची तपासणी होते. हेल्मेटचा पट्टा, सूटची चेन, ट्रकचे बोल्ट, ल्यूजचे आवरण असे सगळे अधिकारी पाहतात. मग स्वारांची सभा. ती कंटाळवाणी असते आणि चुकवू नये, कारण झेंड्यांचा अर्थ आणि खाली थांबण्याची जागा तेथेच सांगतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे अडथळा आहे, वेग आवरा आणि कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे ताबडतोब, सुरक्षितपणे थांबा. लाल झेंडा पाहून तुम्ही किती मीटरमध्ये थांबता, हे तुम्हाला सरावातूनच माहीत असले पाहिजे.

सराव फेऱ्यांत पहिली फेरी अर्ध्या जोराने करावी आणि फक्त रस्ता पाहावा. नंतर एकेकट्याच्या वेळेनुसार पात्रता फेरी होते आणि तिच्या क्रमाने गट पाडतात. प्रचलित रीतीत चार-चार स्वार एकदम सुटतात आणि पहिले दोन पुढच्या फेरीत जातात. म्हणजे पहिले येण्याची गरज अंतिम फेरीपर्यंत नसते. दुसरे येऊन, चामडे शाबूत ठेवून वर गेलेला स्वार संध्याकाळी ताजा असतो.

सुटताना स्केटबोर्डवाले पायाने जोरात ढकलतात, ल्यूजवाले बसून दोन्ही हातांच्या पंजांनी रस्ता मागे लोटतात आणि मग आडवे होतात. पहिल्या वळणापर्यंत चौघे एकत्र पोहोचतात आणि गोंधळ तेथेच होतो. नवख्याने तेथे चौथे राहायला लाज वाटून घेऊ नये. पुढच्याच्या मागे, त्याने फोडलेल्या हवेत राहिले की कमी कष्टात जास्त वेग मिळतो. त्याचा तोटा असा की तो वेग स्वतःच्या मर्जीशिवाय वाढत राहतो आणि अचानक पुढच्याच्या चाकांवर नेऊन आदळतो. म्हणून मागे राहताना किंचित बाजूला राहावे, म्हणजे निघायला वाट असते. ओलांडताना सगळी जबाबदारी ओलांडणाऱ्याची असते. पुढच्याने आपली रेषा अचानक बदलू नये, मागच्याने हाताने ढकलू नये. मुद्दाम धक्का दिला तर बाद करतात.

शेवटची रेषा ओलांडल्यावर हात उंचावू नयेत. चौघेही पूर्ण वेगात असतात, रस्ता अरुंद असतो, आणि जिंकल्याच्या आनंदात मागे पाहणारा स्वार गासड्यांत जातो असे वारंवार घडते. आपली बाजू धरून, आधी हवेने, मग घसरून, मग पायाने थांबावे, बोर्ड उचलून लगेच रस्त्याच्या बाहेर यावे, कारण पुढचा गट सुटण्याच्या तयारीत असतो. वर नेणाऱ्या ट्रकच्या रांगेत उभे असताना चाकांवर सपाट डाग पडलेत का आणि बोर्डाखालच्या ट्रकचे बोल्ट ढिले झालेत का, हे पाहून घ्यावे. पाना खिशातच असावा.